पाहुण्यांच्या हातात काय द्यावं

मुरबाड-शहापूरकडे एकर-दीड एकर भातशेती असलेल्या घरात शनिवारी संध्याकाळी पाहुणे उतरले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुम्ही बसा हो, दमून आलात." ओटीवर चटई पडते, पाण्याचे तांबे फिरतात, चहा होतो. मग पाहुणे बसतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत बसूनच राहतात. तेवढ्या वेळात घरच्या बाईच्या खात्यावर बारा माणसांचा स्वयंपाक, दोन वेळची धार, गोठा, पाणी आणि शिवाय शेतातलं कामही पडलेलं असतं. पाहुणचार म्हणून आपण जे करतो त्याचं ओझं शेवटी एकाच माणसाच्या पाठीवर येतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा घरची सून असते.

माझं स्पष्ट मत आहे की लहान शेतावर आलेल्या पाहुण्याला काम द्यावं. मान राखून, त्याच्या वकुबाचं, पण खरं काम. शेत लहान असलं की कामाला थांबायची सोय नसते. मोठ्या बागायतदाराकडे गडी असतात. एकरभरवाल्याकडे घरचीच चार माणसं असतात, आणि त्यातली दोन चहा करण्यात गुंतली की राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, वाळतो किंवा म्हैस ताटकळते. कोणतं काम द्यायचं, कोणतं अजिबात द्यायचं नाही आणि का, हे मात्र नीट ठरवावं लागतं. चुकीचं काम दिलं तर दुप्पट निस्तरावं लागतं.

येणारे पाहुणे सगळे एका जातकुळीचे नसतात. कळवा, डोंबिवली, ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली भाचरं असतात, त्यांनी भात ताटातच पाहिलेला असतो. कल्याणहून मुरबाडची एसटी धरून किंवा आसनगावला लोकलमधून उतरून येणारे मामा-काका असतात. त्यांनी लहानपणी सगळं केलेलं असतं, पण आता कंबर साथ देत नाही. आणि नवी मुंबईच्या गावठाणांतल्या आत्या-मावश्या असतात. 1970 मध्ये सिडको आली आणि घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यातली भातखाचरं आणि मिठागरं नव्या शहरासाठी संपादित होत गेली. ज्यांचं माहेरचं खाचर आज कुठल्यातरी सेक्टरच्या खाली आहे, अशा साठी-सत्तरीच्या बायका लावणीला मुद्दाम येतात. त्यांना "तुम्ही बसा" म्हणणं हा खरं तर त्यांचा अपमान आहे. त्यांना ओळीच्या कडेला उभं करावं आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून लावावं.

कामाआधी पाण्याचा हिशेब. अंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून माणशी साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागतं. घरची चार माणसं असतील तर हजार लिटरची टाकी तीन दिवस पुरते. दहा पाहुणे आले की तीच टाकी एका दिवसात तळाला जाते. त्यात म्हशीला उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर लागतं, ते कमी करता येत नाही, केलं की दूध उतरतं. शेतीपंपाची तीन फेज वीज ठरलेल्या वेळेतच असते, त्यामुळे टाकी संपली की बटण दाबून भरता येईलच असं नाही. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरून ठेवावी, न्हाणीत शॉवरऐवजी बादली-तांब्या ठेवावा, आणि न्हाणीचं पाणी अळूच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावं. गाडी कुठे लावायची हेही आधीच फोनवर सांगावं. सारवलेल्या खळ्यावर चाक फिरलं की खळं फुटतं, आणि ओल्या बांधावर गाडी घातली की बांध खचून वरच्या खाचराचं पाणी खाली जातं. पाहुण्याला हे माहीत असायचं कारण नाही. सांगायचं काम घरच्यांचं.

आता लावणी. पाहुण्यांना सगळ्यात जास्त हौस तिचीच असते आणि सगळ्यात जास्त चुकाही तिच्यातच होतात.

लावणीचं पहिलं काम म्हणजे राबातलं रोप काढणं, आणि नवख्याला तेच आधी द्यावं. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असतं. राबात पाणी उभं असावं, कोरड्यात ओढलं तर मुळं जमिनीतच राहतात. तीन-चार रोपं बुडाशी, अगदी मातीला लागून, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायची आणि आपल्याकडे तिरकी ओढायची. शहरातला हात शेंड्याला धरून सरळ वर उपटतो. मग रोप मधेच तुटतं किंवा पीळ पडून कोंब दुखावतो, आणि लावल्यावर पिवळं पडतं. मुळांची माती पाण्यात हलकेच खळबळून काढावी. पायाच्या नडगीवर जुडी आपटून माती झाडायची सवय काही घरांत आहे, ती सोडावी. त्यात पांढरी कोवळी मुळं तुटतात आणि रोप तग धरायला चार-पाच दिवस जास्त घेतं. मूठभर रोपांची जुडी बांधायची, शेंडे एका बाजूला, मुळं एका रेषेत. मुळं वर-खाली असली की लावणाऱ्याला प्रत्येक चिमटीला रोपं निवडत बसावं लागतं. जेवढं त्या दिवशी लावून होईल तेवढंच काढावं. दुसऱ्या दिवसासाठी राखलेली जुडी आतून तापते.

प्रत्यक्ष लावणीला पाहुण्याला घराजवळचं एक लहान खाचर द्यावं, गुंठ्या-दोन गुंठ्यांचं, आणि दोन्ही बाजूंना एकेक सराईत हात ठेवावा. ओळींत 20 आणि चुडांत, म्हणजे एका जागी खोचलेल्या रोपांच्या झुपक्यांत, 15 सेंटिमीटर अंतर धरलं तर एका गुंठ्यात सुमारे 3,300 चूड बसतात. हा आकडा पाहुण्यांना आधीच सांगितलेला बरा, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतल्या उत्साहाला जरा लगाम बसतो. सराईत बाई दिवसाला दोन-तीन गुंठे उरकते. नवखं माणूस अर्धा गुंठा नीट लावेल तर त्याची पाठ थोपटावी.

नवख्याच्या चुका ठरलेल्या असतात. एका चुडात दोन-तीन रोपं पुरतात, पण मरतील या धास्तीने तो आठ-दहा खोचतो. ती रोपं आपापसांतच अन्न आणि उजेडासाठी भांडतात आणि फुटवे येत नाहीत. दुसरी चूक खोलीची. रोप उभं राहावं म्हणून तो ते बोटभर खोल दाबतो. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. खोल गेलेल्या रोपाला आधी वर नवी मुळं फोडावी लागतात, त्यात त्याचे फुटव्याचे दिवस निघून जातात, आणि पुढे लोंब्या कमी येतात. तिसरी चूक पावलांची. मागे मागे सरकत लावायचं असतं आणि पावलाचा खड्डा हाताने सारखा करून मगच तिथे चूड बसवायचा असतो. खड्ड्यातच लावलेला चूड दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना दिसतो. खाचरात पाणी बोटाच्या एका पेराएवढंच ठेवावं. जास्त असलं की नवख्याला तळ दिसत नाही, आणि मग वरच्या तिन्ही चुका एकदम होतात.

हे सगळं सांभाळूनही पाहुण्यांच्या खाचरात काही चूड सुटणारच. त्यासाठी एक-दोन जुड्या सोडून त्याच खाचराच्या कोपऱ्यात चिखलात रोवून ठेवाव्यात आणि आठवडाभराच्या आत नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरून घ्यावेत. एवढी तजवीज केली की पाहुण्यांनी लावलेलं खाचर बाकीच्यांपेक्षा फार मागे पडत नाही.

चारसूत्री पद्धतीने लावत असाल तर पाहुण्यांसाठी त्याहून चांगलं काम आहे. तिच्यात अंतर 15 आणि 25 सेंटिमीटर असं आलटून-पालटून असतं, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी हाताने खोचायची असते, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला साधारण सव्वासहाशे गोळ्या लागतात. कामात नजर लागते, कसब लागत नाही, बारा-चौदा वर्षांचं पोर नीट करतं. फक्त दोन गोष्टी बजावून सांगायच्या. गोळ्या कोरड्या डब्यात ठेवायच्या आणि एका वेळी मोजक्याच काढायच्या, कारण ओल्या मुठीत त्या विरघळतात. आणि गोळी सोडल्यावर भोक चिखलाने बंद करायचं. उघडं राहिलं तर खत वर येऊन पाण्याबरोबर बांधावरून वाहून जातं. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, वरून पसरलेला युरिया किती उरत असेल याचा विचार करा. गोळी मुळाशी पुरलेली असली की पीक तिच्यावर महिना-दोन महिने जगतं. काम झाल्यावर पोरांचे हात साबणाने धुवून घ्यावेत आणि मगच भाकरीला बसवावं.

पायाला भेग, जखम, टाके असतील तर त्या पाहुण्याने चिखलात उतरू नये, यात भीडभाड नको. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप याच दिवसांत, याच पाण्यातून येतो. लावणीनंतर दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या-कंबर दुखणं सुरू झालं तर शहरातल्या डॉक्टरला "भाताच्या चिखलात उतरलो होतो" हे वाक्य आवर्जून सांगावं, हेही निघताना सांगून ठेवावं. डोंबिवलीच्या दवाखान्यात डॉक्टरांना ते आपसूक सुचेल असं धरून चालू नये.

गोठा मात्र पाहुण्यांना देऊ नये. धारेच्या वेळी अनोळखी माणसं, मोबाईलचा प्रकाश, पोरांचा कलकलाट असला की म्हैस पान्हा चोरते. ती घाबरली की सड सोडत नाही, मग वासरू-पारडू लावा, आंबोण घाला, काही करा, लिटरभर दूध आतच राहतं. ते तसंच राहिलं तर कासेला दगडी, म्हणजे कासेची सूज, व्हायची भीती. ज्यांना धार बघायची असेल त्यांनी दाराबाहेर उभं राहून बघावं. दुसरं असं की पाहुण्यांचं उरलेलं जेवण प्रेमापोटी जनावरापुढे जातं. परातभर शिजवलेला भात एकदम खाल्ला तर गुराच्या पोटात आंबट होतं, रवंथ थांबतो, आणि रविवारच्या दिवशी पशुवैद्य शोधत फिरावं लागतं. आंब्याच्या साली चालतात, पण कोयी वेगळ्या काढाव्यात, त्या घशात अडकतात. जनावराला खायला घालायचं तर पेंढ्याची एक पेंडी द्या पोरांच्या हातात. म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा लागतोच, त्यातून पोरांची हौसही होते.

पोरांसाठी खरं आकर्षण खुडूक कोंबडीचं. कोंबडी अंड्यांवर बसली की तिला उचलायचं नाही, हा एकच नियम सांगायचा आणि त्याच्या बदल्यात एक काम द्यायचं. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरतात, पिल्लं एकविसाव्या दिवशी. सातव्या रात्री, अंधार पडल्यावर, कोंबडीखालून एकेक अंडं काढायचं आणि बॅटरीच्या तोंडावर रुंद बाजू टेकवून धरायचं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मधे एक काळा ठिपका असतो. नीट बघितलं तर तो हलतोही. गर्भ नसलेलं अंडं नुसतं पिवळसर उजळतं, आत काहीच नसतं. तशी अंडी बाजूला काढायची, नाहीतर ती पुढे सडून फुटतात आणि चांगली अंडीही जातात. मोठ्या माणसाने अंडं काढून द्यावं, पोराने बॅटरी धरावी आणि निर्णय सांगावा. एक अंडं अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ बाहेर नको. शाळेतल्या पुस्तकातला गर्भ पोरं तळहाताच्या अंतरावर बघतात, आणि दोन आठवड्यांनी फोन करून किती पिल्लं निघाली ते विचारतातच.

मे महिन्यातला पाहुणा वेगळा. तेव्हा खाचरं उघडी पडलेली असतात, पाणी कमी आणि माणसं जास्त. ते दिवस आंब्याचे आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या, भरतीचे. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवताना देठ बोटाच्या दोन पेरांएवढा राहील असं बघावं. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पिकताना आंबा तिथूनच कुजतो. उतरवणं सवयीच्या माणसाचं काम, पाहुण्याला झाडावर चढवू नये. अढी लावणं मात्र पाहुण्यांनी करावं. कोरडा पेंढा चार बोटं जाड पसरायचा, त्यावर आंबे एकमेकांना न चिकटवता मांडायचे, वर पुन्हा पेंढा. दोन थरांच्या वर जाऊ नये. पेंढा दमट असला तर आंबा पिकायच्या ऐवजी बुरसटतो. रोज सकाळी एकदा हात फिरवून मऊ पडलेला आंबा बाहेर काढायचा. एक सडका आतच राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. हे रोजचं चाचपणं आजोबांना द्यावं आणि त्यांच्या मदतीला एक नातू. वास आणि बोटाचा दाब यांवरून आंबा ओळखणं हे बसल्या जागी होणारं काम आहे, आणि आजोबा त्यात कोणालाही हार जात नाहीत.

मेच्या सुरुवातीला पाहुणे आले तर राब भाजायचा असतो. शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत आणि वर मातीचा थर असं रचून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग सरपटत, हळूहळू जाते आणि तणाचं बी जळतं. वाऱ्याच्या बाजूने पेटवलं की पाला भडकून जातो आणि माती भाजतच नाही. या कामापासून पोरांना आणि दम्याच्या माणसांना लांब ठेवावं. माझ्या मते राब आता सोडायलाही हवा. दरवर्षी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून जंगल खुरटतं, आणि धूर घरातच येतो. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख मिसळून रोप चांगलं येतं, कोकणात कितीतरी शेतकरी तसं करतात. पण ज्याच्या घरात तीन पिढ्या राब भाजलाय त्याला पाहुण्यांसमोर हे ऐकवू नये, एकटा असताना सांगावं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, पोरं अजून असतील तर त्यांच्याकडून बियाणं निवडून घ्यावं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भात ओतून ढवळायचं आणि थांबायचं. पोचट दाणे वर येतात, ते गाळणीने काढून कोंबड्यांना. तळाला बसलेलं वजनदार बी. ते साध्या पाण्याने दोन-तीनदा नीट धुवायचं, कारण मीठ राहिलं तर उगवण कमी होते, आणि सावलीत दिवसभर वाळवायचं. पोरं हे दहा वेळा आनंदाने करतात. बुरशीनाशक चोळण्याचं पुढचं काम मात्र मोठ्यांनी हातमोजे घालून, पोरं घरात गेल्यावर.

याच दिवसांत रानात शेवळं निघतात, आणि पाहुण्यांना ती खायचीच असतात. ही भाजी साफ करायला चार माणसं हवीत. हाताला तेल लावून बसायचं. वरचं जांभळट आवरण सोलून काढायचं, आतल्या दांड्याचा बुडाकडचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. सगळी खाज त्याच्यात असते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवायचं. काकड नसतील तर चिंच भरपूर. घाईत आंबट कमी पडलं की सगळ्या पंगतीचा घसा खाजतो आणि दोष भाजीला लागतो. डाळीबरोबर करा किंवा सुकट घालून करा, दोन्ही उत्तम. ज्याने सोलायला हात लावला नाही त्याला शेवळांची किंमत कळत नाही, म्हणून ओटीवरच्या सगळ्या पुरुष पाहुण्यांपुढे एकेक जुडी ठेवावी.

आणि इथेच मूळ मुद्दा येतो, चुलीचा. बारा माणसांना माणशी अडीच भाकऱ्या म्हणजे तीस. तांदळाच्या किलोभर पिठात पंधरा-सोळा भाकऱ्या होतात, म्हणजे दोन किलो पीठ. एका तव्यावर एका भाकरीला अडीच मिनिटं धरली तरी सव्वा तास. सव्वा तास एकच बाई उकड काढते, मळते, थापते, भाजते आणि वाढायलाही उठते. हे थांबवायचं तर काम तिघांत वाटावं. पिठाएवढंच माप पाणी, चिमूट मीठ, पाणी खळखळ उकळल्यावरच पीठ घालून झाकण ठेवायचं. कोमट पाण्यात पीठ घातलं की भाकरी कडेला चिरते, मग थापणाऱ्याला बोल लागतात. उकड गरम असतानाच मळायची, तिथे ताकदीचा पुरुषाचा हात उपयोगी पडतो. दोन किलोची उकड मळायला ताकद लागतेच. थापायला जी सराईत असेल ती. भाजायला तिसरं माणूस: भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू झाली की निखाऱ्यावर फुगवायची. पाणी पुरतं वाळेपर्यंत थांबलं तर भाकरी फुटते, फुगत नाही. भाजणं जावयालाही एका संध्याकाळीत येतं. पहिल्या चार भाकऱ्या कुत्र्याला गेल्या तरी चालतील.

वालाचं बिरडं करायचं असेल तर पाहुण्यांच्या फोनच्या आधी वाल भिजायला पडायला हवेत. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पेरलेले कडवे वाल फेब्रुवारीत घरात येतात आणि वर्षभर पुरतात. शनिवारी रात्रीच्या जेवणाला हवे असतील तर गुरुवारी रात्री भिजत घालायचे. दहा-बारा तासांनी उपसून फडक्यात बांधायचे, उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत दीड दिवस लागतो. मग दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात. बारा जणांना सहाशे-सातशे ग्रॅम सुके वाल पुरतात. एवढे सोलायला एकटीला तास लागतो, सहा जणांना दहा मिनिटं. दाणा चिमटीत धरून मोडाच्या उलट बाजूने दाबायचा, म्हणजे मोड तुटत नाही. गप्पा मारता मारता होणारं यापेक्षा चांगलं काम मला माहीत नाही. पाहुणे आल्या आल्या चहाच्या कपाबरोबरच वालाची परात मधे ठेवावी.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरते, तेव्हाही घर भरतं. पण त्या दिवसांत पाहुणे जत्रेत बैलबाजार आणि घोंगड्या बघत फिरतात, घरी फक्त झोपायला येतात, त्यामुळे फारसं काही सांगण्यासारखं नाही. अंथरुणं जास्त लागतात एवढंच. रात्री अंगणापलीकडे जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी, हा नियम मात्र बारा महिने. पेंढ्याच्या उडवीजवळ, सरपणात आणि बांधाच्या बिळांत फुरसं, मण्यार असू शकतात. कोणाला चावलंच तर कापाकापी नाही, आवळून दोरी बांधणं नाही, मांत्रिक नाही. माणसाला चालू न देता 108 ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय.

दिवाळीतले पाहुणे कापणीत सापडतात. लोंबीतले दहापैकी नऊ दाणे पिवळे झाले की कापायचं. त्यापुढे थांबलं तर दाणा गळतो आणि गिरणीत कणी जास्त होते. धारदार विळा नवख्याच्या हातात देऊ नये, डाव्या हाताची करंगळी जाते. पाहुण्यांनी भारे वाहावेत, तेही सकाळच्या दवात, कारण दुपारी वाळलेल्या लोंब्या डोक्यावरून गळत येतात. आणि पोरांनी सरवा वेचावा. भारे उचलल्यावर खाचरात पडलेल्या लोंब्या गोळा केल्या तर चार पोरं दुपारपर्यंत दोन-तीन पायली भात सहज जमवतात. ते भात त्यांच्या नावाने वेगळं ठेवून, वाळवून, त्यांना दाखवून कोंबड्यांना घालावं किंवा त्याचे पोहे करून द्यावेत. भात वाळलंय की नाही हे दाताखाली दाणा धरून कळतं. कट्ट असा आवाज आला की भरायला तयार, दाणा दबला तर अजून एक ऊन.

निघताना वानोळा द्यायचा असतो, आणि तिथे हिशेब लागतो. एकरात बारा-चौदा क्विंटल भात आलं तर भरडून आठ-नऊ क्विंटल तांदूळ. पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेपाच क्विंटल लागतो. पुढच्या वर्षाचं पंधरा-वीस किलो बियाणं आधीच बाजूला काढलेलं असतं, त्या कणगीला कोणासाठीही हात लावायचा नाही. मजुरी, नांगरट, खत हे उरलेल्या अडीच-तीन क्विंटलातून भागवायचं. दहा घरांनी दहा-दहा किलो नेले की त्यातला एक क्विंटल गेला. म्हणून वानोळा म्हणून दोन किलो तांदूळ, शेरभर वाल, आंब्याच्या दिवसांत डझन-दोन डझन आंबे, एवढं आनंदाने द्यावं. त्याहून जास्त हवं असेल तर पाहुण्यांनी विकत न्यावं, आणि ते त्यांनी आपणहून म्हणावं. भाव शहरातल्या दुकानाचा धरावा, व्यापारी खळ्यावर देतो तो नाही. नात्यात पैसे कसे घ्यायचे म्हणून शेतकरी गप्प बसतो, पण त्याच वेळी तोच तांदूळ व्यापाऱ्याला पडत्या भावात घालतो. यात नातं राखलं जात नाही, फक्त शेत झिजतं.

पोतं बांधताना सांगून द्यावं की तांदूळ यंदाचा आहे, पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, एकास दीडच्या आसपास, नाहीतर गिच्चगोळा होईल. डबा कोरडा हवा, कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला फडक्यात बांधून तळाशी घाला. किडे-टोके लागलेच तर कडक उन्हात टाकू नका, तांदूळ तडकतो. चाळून सावलीत पसरा.